श्पार्गल, तळलेले मासे आणि फ्रांकनची ड्राय सिल्वानर

माइनकाठ

एप्रिल अर्धा उलटला की न्युर्नबर्ग, फ्युर्थ आणि एर्लांगेन या तीन गावांच्या मधल्या भाजीपाल्याच्या पट्ट्यात रस्त्याकडेला टपऱ्या लागतात आणि पांढऱ्या श्पार्गलच्या (ॲस्परॅगसच्या) जुड्या विकायला येतात. इकडे जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर त्याच सुमारास ठरलेला प्रश्न पडतो: ऑफिसातले जर्मन लोक जेवायला यायचेत, वाइन कोणती आणू? उत्तरंही ठरलेली. एक जण रीसलिंग सांगतो, दुसरा म्हणतो जर्मन वाइन गोडमिट्ट असते, सरळ इटालियन पिनो ग्रिजो घे. इथून तासाभरावर, फ्रांकन या वाइनच्या प्रदेशात पिकणाऱ्या सिल्वानर या पांढऱ्या वाइनचं नाव कुणी घेत नाही. म्हणून हा धागा.

आधीच सांगतो, ही वाइन पहिल्या घोटात कुणाला जिंकत नाही. वास बेताचा. हिरवट पेअर, वाळलेलं गवत, चांगल्या बागेतली असेल तर ओल्या दगडासारखं काहीतरी. आंबटपणा रीसलिंगहून कमी. नुसतीच प्यायलात तर 'बरी आहे' म्हणून ग्लास खाली ठेवाल. जेवताना मात्र ती पदार्थावर चढत नाही, आणि पांढऱ्या भाज्या, गोड्या पाण्यातले मासे, लोणी असल्या सौम्य चवींना तेच हवं असतं.

द्राक्षाची कुळकथा थोडक्यात. त्रामिनर आणि ओस्टराइखिश वाइस या दोन जुन्या जातींच्या संकरातून सिल्वानर झाली, हे जनुकीय तपासणीतून कळलं. मूळ ऑस्ट्रियाकडचं. जर्मनीत ती लावल्याची पहिली लेखी नोंद १६५९ सालच्या एप्रिलची, फ्रांकनमधल्या कास्टेल गावातली: पंचवीस रोपं आणून लावली. आज फ्रांकनच्या द्राक्षबागांपैकी साधारण पाव हिस्सा सिल्वानरचा आहे. पश्चिमेकडच्या ऱ्हाइनहेसनमध्येही भरपूर होते, पण माझ्या मते तिला खरी जमीन मिळाली ती माइन नदीच्या वळणांवर. व्युर्त्सबुर्ग आणि फोल्काखच्या आसपास मुशेलकाल्क, म्हणजे समुद्री शिंपल्यांच्या थरांचा चुनखडक. पूर्वेला श्टायगरवाल्डच्या उतारावर, इफोफन आणि कास्टेलला, जिप्सम असलेली कॉइपर माती. चुनखडकावरची सिल्वानर सडपातळ, किंचित खारट वाटते. कॉइपरवरची भरदार, थोडी मसालेदार. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून प्या, फरक सांगावा लागत नाही.

आता 'जर्मन म्हणजे गोड' या समजाबद्दल. महायुद्धानंतर निर्जंतुक गाळणीचं तंत्र आलं, न आंबलेला द्राक्षरस नंतर मिसळून वाइन गोड करणं सोपं झालं, आणि लीबफ्राउमिल्शच्या नावाखाली तसली वाइन जगभर गेली. तीच लोकांच्या लक्षात राहिली. आज जर्मनीतल्या दर्जेदार वाइनपैकी निम्म्याच्या आसपास ड्राय, म्हणजे गोडी नसलेली असते. लेबलवर 'ट्रॉकन' (ड्राय) लिहायचं तर लिटरमागे साखर ४ ग्रॅमपर्यंत हवी. ९ ग्रॅमपर्यंतही चालते, पण मग आंबटपणाचा आकडा साखरेहून २ पेक्षा जास्त खाली असता कामा नये. म्हणजे साखर ८ असेल तर आम्ल निदान ६ हवं. फ्रांकनमधले जुने लोक ही दुसरी सवलत मानत नाहीत. त्यांच्या लेखी ४ ग्रॅमच्या वर गेली की ती ड्राय नाही, आणि त्याला ते 'फ्रेंकिश ट्रॉकन' म्हणतात.

श्पार्गलबद्दल जरा सविस्तर, कारण वाइनच्या दृष्टीने ही फार त्रासदायक भाजी आहे. पांढरा श्पार्गल मातीच्या उंच वरंब्यांखाली, उजेड न लागू देता वाढवतात. त्यात गंधकाची संयुगं असतात आणि बुडाशी बारीक कडवटपणा. रेड वाइन किंवा लाकडाच्या पिंपात मुरवलेली शार्दोने घेतली की तोंडात पत्र्याची चव येते. फार आंबट वाइन घेतली तर कडवटपणा वर येतो. सिल्वानरमध्ये टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरटपणा, जवळजवळ नाही, आंबटपणा मध्यम आणि स्वतःचाच थोडा मातकट, भाजीसारखा गंध. त्यामुळे भांडण होत नाही.

करायची पद्धत: शेंड्याखालून बुडापर्यंत सोलणं वापरून नीट सोला, आळस करू नका, सालीचा एक दोरा राहिला तरी दातात अडकतो. साली फेकू नका. पाण्यात मीठ, चिमूटभर साखर, लोण्याचा तुकडा घालून साली उकळा, गाळा आणि त्याच पाण्यात श्पार्गल शिजवा. जाडीप्रमाणे १२ ते १८ मिनिटं. काटा सहज जायला हवा, लगदा व्हायला नको. सोबत सालीसकट उकडलेले नवे बटाटे आणि वितळलेलं लोणी किंवा हॉलंडेज सॉस. मांसाहारी लोक उकडलेला हॅम घेतात. आमच्या फ्रांकनमध्ये भाजलेली ब्राटवुर्स्ट, म्हणजे इथली सॉसेजही चालते, आणि ती मला हॅमपेक्षा कितीतरी बरी वाटते.

हंगाम २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी संपतो. नंतर मुळांना पुढच्या वर्षासाठी ताकद साठवायची असते म्हणून काढणी थांबवतात.

बाकीच्या पदार्थांवर प्रतिसादांत बोलू. कोणी काय लावून पाहिलंय ते लिहा.

---

खादाडभाऊ

झकास धागा. वाचनखूण साठवली आहे.

एक शंका. ही वाइन त्या चपट्या, पोट सुटलेल्या बाटलीत मिळते तीच ना? तशीच बाटली मी पोर्तुगीज रोझेची पाहिलीय. नक्की कुणाची?

---

माइनकाठ

तीच. बॉक्सबॉयटल. व्युर्त्सबुर्गच्या नगरपरिषदेने १७२६ मध्ये ठरवलं की बुर्गरश्पिटाल या धर्मादाय संस्थेच्या तळघरातली श्टाइन टेकडीवरची वाइन याच बाटलीत भरायची आणि वर शहराचा शिक्का मारायचा. भेसळ वाढली होती म्हणून. आता युरोपीय कायद्यात या आकाराला संरक्षण आहे. फ्रांकन, बाडनचा थोडा भाग आणि जुन्या वहिवाटीमुळे सवलत मिळालेले काही इतर देशांतले भाग, त्यात तुमची पोर्तुगीज रोझेही आली.

आडवी ठेवली तर घरंगळत नाही हा फायदा. फ्रीजच्या दारात मावत नाही हा तोटा. हल्ली बरेच उत्पादक चांगली सिल्वानर साध्या उंच बाटलीत भरतात, तेव्हा बाटलीवरून दर्जा ठरवू नका.

---

मोझेलवेडा

रीसलिंगने काय घोडं मारलंय?

धागा उत्तम, पण अन्याय होतोय. मी मोझेल नदीवरच्या ट्रियरला, रीसलिंगच्या प्रदेशात राहतो, तेव्हा पक्षपाती आहे हे मान्य. हॉलंडेज म्हणजे अंड्याचा बलक आणि पावशेर लोणी. ते कापायला धार हवी. ती सिल्वानरमध्ये कुठून येणार? रीसलिंगचं आम्ल लिटरला सात-आठ ग्रॅम सहज असतं. शिवाय वय. चांगली ड्राय रीसलिंग दहा वर्षांनी पेट्रोलसारखा, मधासारखा वास घेऊन येते. सिल्वानर दहा वर्षांनी काय करते?

आणि पदार्थांचं म्हणाल तर फाल्त्स या वाइनच्या प्रदेशात जा. झाउमागन, म्हणजे डुकराच्या पोटात मांस, बटाटे आणि मसाले भरून शिजवतात, मग काप करून परततात. हेल्मुट कोल चॅन्सेलर असताना थॅचरबाई आणि गोर्बाचेव्ह यांनाही डायडेसहाइमला नेऊन हेच खाऊ घालत. सोबत तिथलीच ड्राय रीसलिंग. त्या चरबीपुढे तुमची सिल्वानर पाणी वाटेल.

---

माइनकाठ

@मोझेलवेडा, झाउमागन तुम्हाला दिला. धुरवलेला ट्राउट दिला. कोबीचं सावरक्राउटही दिलं, तिथे ड्राय रीसलिंगच हवी. श्पार्गल देणार नाही. लोणी कापायला धार हवी हे बरोबर, पण ताटात नुसतं लोणी नाहीये, खाली कडवट भाजी आहे आणि आठ ग्रॅम आम्ल थेट तिच्यावर जाऊन आदळतं. तुमच्या मोझेलचे लोक श्पार्गलसोबत काय पितात? माझ्या पाहण्यात तरी वाइसबुर्गुंडर, म्हणजे पिनो ब्लां. आणि ती स्वभावाने सिल्वानरचीच बहीण.

राहिला प्रश्न वयाचा. श्टाइन, इफोफनचा युलिउस-एख्टर-बेर्ग, एशर्नडोर्फचा लुम्प या टेकड्यांवरची, विशेषतः 'ग्रोसेस गेवेक्स' या सगळ्यांत वरच्या ड्राय दर्जाची सिल्वानर दहा वर्षं आरामात टिकते. सुकामेवा, कॅमोमाइल, थोडं मेण असं काहीतरी होतं तिचं. रीसलिंगइतकं नाट्य नाही, हे मान्य.

---

मोझेलवेडा

पिनो ब्लां पितात हे खरं आहे. गप्प बसतो. (तात्पुरता.)

---

पुलावरचा

मी व्युर्त्सबुर्गला संशोधनासाठी आहे. टोपणनावाचं कारण कळलंच असेल: जुन्या माइन पुलावर संध्याकाळी अर्धं गाव ग्लास हातात घेऊन उभं असतं. पुलाच्या टोकाच्या दुकानातून वाइन घ्यायची, ग्लासची अनामत रक्कम द्यायची, संतांच्या पुतळ्यांमध्ये उभं राहून प्यायची, ग्लास परत करायचा. याला ब्र्युकनशॉपन म्हणतात. जवळजवळ सगळ्यांच्या ग्लासात सिल्वानर. समोर किल्ला, त्याखाली द्राक्षबागा. इथे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी इथे नेतो, राजवाडा नंतर.

मासे कुणी अजून काढले नाहीत म्हणून लिहितो. इथली खासियत मेफिशली. माइनमधले छोटे मासे, पिठात घोळवून कडक तळलेले, काट्यासकट खायचे. लांबी किती असावी? पुलावरच्या सेंट किलियनच्या पुतळ्याच्या करंगळीपेक्षा मोठी नको, असं इथले लोक सांगतात. आणखी एक म्हण आहे: मेफिशलीने तीनदा पोहावं, पाण्यात, तुपात आणि वाइनमध्ये. आपल्याकडची कुरकुरीत मांदेली आठवा, फक्त तिखट-हळदीशिवाय. लिंबू पिळून, सोबत बटाट्याचं सॅलड. सिल्वानर इथे अगदी चपखल, कारण मासा इतका नाजूक असतो की जास्त वासाची वाइन त्याला मारून टाकते.

---

कोकणातला_माणूस

मांदेलीचं नाव काढलंत आणि आता रात्री साडेअकराला काय करू?

गोड्या पाण्यातला मासा मला चिखलट लागतो. कार्प तर अजिबात नको. चुकीचं बोलतोय का?

---

पुलावरचा

कार्पबद्दल माइनकाठ सांगतील, तो त्यांच्याकडचा प्रांत.

---

माइनकाठ

चिखलट लागतो तो तळ्यातून थेट काढलेला. आमच्या जवळच्या आइशग्रुंड भागात शेकडो तळी आहेत. कार्प काढला की विकण्याआधी स्वच्छ वाहत्या पाण्यात काही दिवस ठेवतात, मग तो वास जातो. हंगाम सप्टेंबर ते एप्रिल, ज्या महिन्यांच्या नावात 'र' येतो ते. मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत उभा चिरून अर्धा करायचा, पिठात घोळवायचा आणि भरपूर तेलात किंवा तुपात सोडायचा. ताटात येतो तेव्हा अर्धवर्तुळ होऊन बसलेला असतो, पर टोकाला चिप्ससारखे कुरकुरीत. ते आधी खायचे. काटे पुष्कळ, पण कोकणातल्या माणसाला काट्यांची काय भीती.

इथे जास्त करून बिअर पितात, खोटं का बोला. पण चरबीदार, जाड मांसाच्या कार्पला कॉइपर मातीवरची भरदार सिल्वानर घेऊन बघा. बिअरने पोट भरतं, हिने भूक राहते.

---

मृण्मयी_के

इतक्या मांसाहारी धाग्यात हात वर करते. मी शाकाहारी, नवरा अंडं खातो. श्पार्गल सोडून काय? आणि एक शंका कधीपासून आहे, वाइन स्वच्छ करायला प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन घालतात असं ऐकलं, ते खरं का?

---

साखरभात

मृण्मयी, खरं आहे. वाइन गढूळ असते, तिच्यातले तरंगणारे कण खाली बसवायला काहीतरी घालतात. अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन, माशाच्या वाताशयापासून केलेली इसिनग्लास. ते खाली बसतं आणि काढून टाकतात, ग्लासात जवळजवळ काही उरत नाही, पण तत्त्वाचा प्रश्न असेल तर प्रश्न उरतोच. बेन्टोनाइट नावाची माती किंवा वाटाण्याचं प्रथिन वापरूनही काम होतं. आता बरेच उत्पादक मागच्या लेबलवर 'वेगान' लिहितात, तेवढं बघून घ्यायचं. अंडं आणि दुधाचा अंश उरला असेल तर ॲलर्जीमुळे लिहिणं बंधनकारक आहे. जिलेटिनला ते बंधन नाही, म्हणून 'वेगान' शब्द शोधणं जास्त खात्रीचं. डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनना घटकांची यादी द्यावी लागते, बऱ्याचदा क्यूआर कोडमध्ये असते.

पदार्थ: नवलकोल! जर्मन लोक कोलराबी म्हणतात आणि आपल्यापेक्षा जास्त प्रेमाने खातात. काप वाफवून, लोण्यात थोडं पीठ परतून दूध-सायीचा पातळ सॉस, जायफळ. सोबत सिल्वानर. श्पार्गलच्या जातीची चव, किंमत एक चतुर्थांश, आणि सोलायला कमी त्रास.

नवऱ्यासाठी बाडनची पद्धत: श्पार्गलसोबत क्रात्सेटे. अंड्याचं जाडसर धिरडं करायचं आणि तव्यातच काट्याने तुकडे करायचे. हॅम लागत नाही.

---

मृण्मयी_के

साखरभातताई, किती व्यवस्थित उत्तर! नवलकोल करून बघते. आमच्या घरी आजवर नवलकोल म्हणजे हरभऱ्याची डाळ घालून भाजी, एवढंच.

---

द्राक्षबागाईत

निफाडकडचा शेतकरी. वाइन पीत नाही, द्राक्षं पिकवतो. पूर्वी एका वायनरीशी करार होता, आता खाण्याची द्राक्षं करतो. आमच्याकडे वाइनसाठी शेनिन ब्लां, सोविन्यों ब्लां चालतात, सिल्वानर हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

विचारायचं हे की तिथे छाटणी कधी, काढणी कधी, आणि एकरी किती उतारा घेतात? आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी. फळ एकदाच घेतो, पण वेल कधी झोपत नाही.

---

माइनकाठ

साहेब, तुमच्यासारख्या माणसाचा प्रतिसाद आला, धागा सार्थकी लागला.

इथे वेल हिवाळाभर झोपतो. छाटणी एकच, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. कोंब एप्रिलमध्ये, फुलोरा जूनमध्ये, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबर. तुमची काढणी फेब्रुवारीच्या आसपास असते तेव्हा इथे बागेत बर्फ असू शकतो.

उताऱ्यावर कायद्याची मर्यादा आहे. फ्रांकनमध्ये हेक्टरी ९० हेक्टोलिटर, म्हणजे एकरी साधारण ३,६०० लिटर वाइन. चांगले उत्पादक त्याच्या खूप खाली राहतात, घड विरळ करतात. सिल्वानरला मोकळं सोडलं तर भरपूर पिकते आणि मग चव पाणचट होते. स्वस्त बाटल्यांमधली बदनामी त्यातूनच आली.

इथली मोठी भीती गारठ्याची. कोंब फुटल्यावर एक थंड रात्र पुरते. मे २०११ आणि एप्रिल २०२४, दोन्ही वेळा फ्रांकनमध्ये फार मोठं नुकसान झालं. आणि उलट टोकाला, उन्हाळे आता इतके कोरडे जातात की जुन्या लोकांनी कधी विचारही केला नव्हता त्या टेकड्यांवर ठिबक सिंचन आलंय.

गोडी तुम्ही ब्रिक्समध्ये मोजता, इथे अंश ओक्सल. ९० ओक्सल म्हणजे सुमारे साडेएकवीस ब्रिक्स.

---

द्राक्षबागाईत

समजलं. साडेएकवीस ब्रिक्सला आमचा करार असायचा. गोडी आमच्याकडे उन्हामुळे लवकर भरते, आंबटपणा मात्र झपाट्याने उतरतो, म्हणून रात्री काढणी करायचो. तुमच्याकडे रात्री आपोआप थंड, हे देवाचं देणं.

---

स्पष्टवक्ता

पंधरा प्रतिसाद झाले, दारूचं गुणगान चाललंय. तरुण मुलं वाचतात. यकृत, कर्करोग यावर एक ओळ नाही. संपादकांनी लक्ष घालावं.

---

साखरभात

ओळ लिहिते: अल्कोहोल कर्करोगाला कारणीभूत आहे, हे सिद्ध झालंय, वाइन त्याला अपवाद नाही, 'हृदयाला चांगली' वगैरे ऐकून कुणी सुरू करू नये. जे आधीच पितात त्यांनी जेवणासोबत, थोडी. गाडी चालवायची असेल तर अजिबात नको. जर्मनीत कायदेशीर मर्यादा ०.५ प्रोमिल (रक्तात हजारामागे अर्धा भाग अल्कोहोल) आहे, २१ च्या आतल्या किंवा नवशिक्या चालकांना शून्य.

आता धागा पदार्थांचा आहे, तिकडे जाऊ या.

---

पुलावरचा

@स्पष्टवक्ता, गंमत म्हणून सांगतो, व्युर्त्सबुर्गमध्ये उलटं आहे. युलिउसश्पिटाल हे रुग्णालय प्रिन्स-बिशप युलिउस एख्टर यांनी १५७६ मध्ये स्थापन केलं आणि त्याच्या खर्चासाठी जमिनी, जंगलं, द्राक्षबागा लावून दिल्या. तो विश्वस्त निधी आजही वाइन बनवतो. बुर्गरश्पिटाल त्याहून जुनं, १३१६ सालचं, वृद्ध आणि गरजूंसाठी. दारूच्या पैशावर दवाखाना. वाद घालायला ही जागा उत्तम आहे, पण वेगळा धागा काढा.

---

इतिहासबहाद्दर

श्टाइन टेकडीचा विषय निघालाय म्हणून: १५४० सालची श्टाइनवाइन १९६१ मध्ये लंडनला उघडली आणि ती अजून वाइन होती, विनेगर नव्हे, हे वाइनवर लिहिणारे ह्यू जॉन्सन यांनी लिहून ठेवलंय. चारशेहून अधिक वर्षं टिकलेली सिल्वानर! मोझेलवेडा यांना याहून काय उत्तर हवं?

---

मोझेलवेडा

सिल्वानर? वरच लिहिलंय ना, पहिली नोंद १६५९ ची. १५४० मध्ये ती तिथे कशी असेल? त्या काळी एकाच बागेत पाच-सहा जाती मिसळून लावत. आणि १५४० चा उन्हाळा युरोपात भयंकर कोरडा होता, द्राक्षांत साखर बेफाम, म्हणून ती टिकली. श्रेय दुष्काळाला द्या.

(तात्पुरतं मौन संपलं.)

---

माइनकाठ

मोझेलवेडांशी शंभर टक्के सहमत, आणि हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही.

व्युर्त्सबुर्गच्या वाइनचा साक्षीदार हवा असेल तर जर्मन कवी गटे घ्या. १८०६ मध्ये आपली जोडीदार क्रिस्टियाने हिला पत्रात कळवतो की आणखी व्युर्त्सबुर्गर पाठव, दुसरी कुठली वाइन मला रुचत नाही, आणि नेहमीची मिळाली नाही की मी वैतागतो.

---

दुकानात_उभी

नवीन सदस्य, पहिलाच प्रतिसाद, आणि खरंच सुपरमार्केटमध्ये उभी आहे 😀 आज संध्याकाळी पाहुणे. शेल्फवर एकावर 'श्पार्गलवाइन' असं मोठं चित्रासकट लिहिलंय, साडेचार युरो. दुसरी सिल्वानर काबिनेट ट्रॉकन, साडेआठ. तिसरी सिल्वानर श्पेटलेज, त्यावर ट्रॉकन दिसत नाही, अकरा. कोणती?

---

माइनकाठ

दुसरी घ्या. कारणं नंतर.

---

माइनकाठ

आता कारणं. 'श्पार्गलवाइन' हा एप्रिलमध्ये लागणारा चिकटपट्टीचा धंदा आहे, बाटलीत काय आहे याची हमी नाही. द्राक्षाचं नाव, प्रदेश आणि ट्रॉकन हे तीन शब्द हवेत. काबिनेट, श्पेटलेज हे काढणीच्या वेळी द्राक्षात किती गोडी होती ते सांगतात, बाटलीत किती उरली ते नाही. श्पेटलेज ट्रॉकन असू शकते आणि ती उत्तम, जास्त भरदार असते. पण ट्रॉकन लिहिलंच नसेल तर गोडीची शक्यता मोठी. शंका आली की अल्कोहोल बघा: साडेबारा-तेरा टक्के म्हणजे बहुतेक साखर आंबून संपली, नऊ-दहा म्हणजे साखर शिल्लक.

'गुट्सआबफ्युलुंग' लिहिलं असेल तर ज्याची द्राक्षं त्यानेच वाइन करून बाटलीत भरली. गरुडाच्या छातीवर द्राक्षाचा घड असं चिन्ह झाकणावर असेल तर तो उत्पादक व्हीडीपी या निवडक वाइन उत्पादकांच्या संघटनेचा सदस्य. ते नसेल तरी काही बिघडत नाही, गावच्या सहकारी संस्थांची वाइनही इथे चांगली असते.

आठ ते दहा अंशावर द्या. घरच्या फ्रीजमधून वीस मिनिटं आधी बाहेर काढा.

---

दुकानात_उभी

दुसरी घेतली. दोन घेतल्या. आभारी आहे सगळ्यांची.

---

खादाडभाऊ

आता मुद्द्याचं. आपल्या जेवणाचं काय? तांबडा रस्सा आणि सिल्वानर?

---

साखरभात

नाही हो. तिखटाबरोबर अल्कोहोल जाळ वाढवतं आणि ड्राय वाइनमध्ये तो विझवायला साखर नसते. तांबड्या रश्शाला मोझेलची कमी अल्कोहोलची, थोडी गोडी असलेली काबिनेट. मोझेलवेडा, घ्या, तुमचा विजय.

पांढऱ्या रश्शाला मात्र सिल्वानर छान जाते, नारळाचं दूध आणि खसखस असल्यामुळे, मिरी बेताची ठेवली तर. कोथिंबीर वडीलाही. अळूवडीला नाही, चिंच-गूळ आला की ड्राय वाइन एकदम आंबट लागायला लागते. तोच नियम चटणी, आमटी, कैरीच्या पदार्थांना. आमच्याकडे सगळ्यांत जमलेली जोडी: रवा लावून तव्यावर परतलेली सुरमई, फक्त मीठ, हळद, आलं-लसूण, आणि मऊ वरणभात. तेल-तूप आहे, तिखट नाही.

---

कोकणातला_माणूस

साखरभातताई, वरणभातासोबत वाइन! आजी वर बघत असेल.

सोलकढी आणि वाइन एकत्र ठेवायची नाही, हे मी स्वतः ठरवलंय. दोघी आंबट, दोघींना मान हवा.

---

पुलावरचा

आंबटाचा विषय निघाला तर ब्लाऊए त्सिप्फेल राहिलेच. इथला सगळ्यांत अवघड पदार्थ वाइनवाल्यांसाठी. कच्च्या ब्राटवुर्स्ट व्हिनेगर, वाइन, भरपूर कांदा, तमालपत्र, मिरी आणि जुनिपरच्या पाण्यात मंद आचेवर शिजवतात. उकळी आणायची नाही, नाहीतर फुटतात. वरून निळसर झाक येते. खोलगट ताटात, कांद्यासकट, ब्रेडबरोबर. व्हिनेगर कुठल्याही वाइनला खाऊन टाकतं. इथे युक्ती अशी की शिजवण्याच्या पाण्यात व्हिनेगर कमी आणि सिल्वानर जास्त घालायची, मग ग्लासातली वाइन परकी वाटत नाही. माझ्या ओळखीचे एक वयस्क बागवाले तर व्हिनेगर नावालाच घालतात.

---

मृण्मयी_के

अपडेट: नवलकोल केला. सासूबाईंनी (पुण्याहून आल्यात) आधी "यात फोडणी कुठाय?" विचारलं, मग दोनदा घेतला. वाइनचा अर्धा घोट घेऊन म्हणाल्या, औषधासारखी नाही लागत.

---

मोझेलवेडा

सिल्वानरचं इतकं नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही 😀

---

भटकी_मैना

म्युन्शनहून तीन कुटुंबं मेच्या शेवटी जायचं म्हणतोय, गाडी न घेता. व्युर्त्सबुर्ग सोडून लहान गाव कुठलं? मुलं आहेत बरोबर.

---

माइनकाठ

इफोफन. न्युर्नबर्ग–व्युर्त्सबुर्ग मार्गावर रिजनल ट्रेन थांबते, डॉइचलांड-तिकीट (देशभर लोकल-रिजनल गाड्यांना चालणारा मासिक पास) चालतं. स्टेशनपासून चालत गावात, गावाला जुनी तटबंदी आणि वेशी शाबूत आहेत, वर युलिउस-एख्टर-बेर्गच्या बागांमधून पायवाट. मुलांना द्राक्षाचा रस सगळीकडे मिळतो, मोठ्यांना ऊन झालं तर वाइनशॉर्ले, अर्धी वाइन अर्धा सोडा, लाज बाळगू नका.

जेवायला हेकनविर्टशाफ्ट बघा. बागवाले वर्षातले थोडेच आठवडे आपल्या अंगणात बाकं टाकून स्वतःची वाइन आणि थंड पदार्थ विकतात: सॉसेज, ब्रेड, आणि गेरुप्फ्टर, म्हणजे मऊ चीज, लोणी, कांदा आणि पाप्रिका कालवलेलं. शाकाहारी लोकांचं पोट त्यावर भरतं. उघडं आहे की नाही ते गावाच्या पर्यटन कार्यालयाच्या यादीत आधी तपासा, आणि रोख पैसे ठेवा.

---

भटकी_मैना

रविवारी उघडं असतं का? आणि तीन कुटुंबं म्हणजे अकरा डोकी, आधी फोन करावा लागेल?

---

माइनकाठ

रविवारी बहुतेक सगळी उघडी, उलट सोमवार-मंगळवारी बंद असतात. अकरा जणांसाठी फोन कराच, आणि दुपारी बाराच्या आधी पोहोचा. श्पार्गल हवा असेल तर फोनवरच विचारा, अंगणातल्या बाकांवर गरम जेवण सगळीकडे मिळत नाही. त्यासाठी गावातल्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खाणावळीत, वेगळं टेबल घ्यावं लागेल.